अकरावीला विषय घेताय? आधी त्याचा वर्ग भरतो का ते विचारा

अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया तुम्हाला कॉलेज देते आणि शाखा देते. विषय देत नाही. पसंतीक्रम भरताना कॉलेजचं नाव, शाखा, माध्यम, अनुदानित की विनाअनुदानित एवढंच आपण बघतो, कारण तिथे तेवढंच विचारलेलं असतं. कॉमर्सला गणित की एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती), दुसरी भाषा की आयटी (माहिती तंत्रज्ञान), सायन्सला बायो की भूगोल, हे सगळं ठरतं प्रवेश निश्चित करायला गेल्यावर, ऑफिसच्या खिडकीशी, मागची रांग ढकलत असताना. २०२५-२६ पासून ही प्रक्रिया अख्ख्या राज्याला लागू झाली. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणची मुलंही आता अशा कॉलेजांची नावं टाकतात, जिथे कोण काय शिकवतं हे घरात कुणालाच माहीत नसतं.

मला कॉमर्सला गणित हवं होतं. पुढे मुंबई विद्यापीठाचं बीएस्सी आयटी करायचं मनात होतं आणि त्याला बारावीला गणित लागायचं. प्रॉस्पेक्टसमध्ये गणित छापलेलं होतं. फॉर्मवर खूण केली, फीची पावती मिळाली. तास सुरू झाल्यावर कळलं की गणिताचे सर निवृत्त झालेत, सायन्सच्या मॅडम सकाळच्या सत्रात आणि आमचं कॉमर्स दुपारचं. गणित घेतलेली मुलं मोजकीच. ‘सर येतील’ असं बरेच दिवस चाललं आणि मग आम्हाला सगळ्यांना एसपीच्या वर्गात नेऊन बसवलं. कुणी फसवलं असंही म्हणता येत नाही, आणि म्हणूनच राग अजून जात नाही.

यामागचं गणित (हे मात्र नीट शिकायला मिळालं) असं. कॉलेजकडे विषयाची मान्यता असते, म्हणून तो प्रॉस्पेक्टसमध्ये छापतात. वर्ग भरतो तो शिक्षक असला तर. अनुदानित कॉलेजात शिक्षकाचं पद संच मान्यतेत (मुलांच्या संख्येवरून सरकार किती शिक्षकांची पदं मान्य करतं, त्यात) टिकायला मुलं आणि तास पुरेसे लागतात. मुलं घटली की कार्यभार, म्हणजे शिक्षकाच्या वाट्याचे तास, घटतो, कार्यभार घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, नाहीतर निवृत्तीनंतर जागा रिकामीच राहते. मग घड्याळी तासिकेवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे घेऊन, कुणीतरी येतं. पुढच्या वर्षी त्यांना दुसरीकडे बरी नोकरी मिळाली की विषय कागदावर उरतो. मान्यता तशीच, प्रॉस्पेक्टसही तसंच.

हे फक्त गणिताचं नाही. दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेता येतो, त्याचा ८० गुणांचा पेपर संगणकावर होतो, २० गुण प्रात्यक्षिकाचे, म्हणून मुलांचा लोंढा तिकडे गेला आणि मराठी, हिंदीचे वर्ग रोडावले. बायफोकलचं (अकरावी-बारावीतल्या व्यवसायाभिमुख विषयांचं) कॉम्प्युटर सायन्स २०० गुणांचं असतं, ते दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय अशा दोघांची जागा खातं, आणि फीही बहुतेक ठिकाणी वेगळी. आर्ट्सला तर्कशास्त्र, मानसशास्त्र घेणाऱ्यांनी तर दुप्पट चौकशी करावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला-विज्ञानात कडक भिंत नको असं म्हटलंय. चांगलंच आहे. पण भिंत पाडायला वेळापत्रकात तास लागतो आणि तासाला माणूस लागतो.

म्हणून प्रवेश निश्चित करण्याआधी कॉलेजात जा. हसू नका, खरंच जा. बारावीचं वेळापत्रक नोटीस बोर्डावर लावलेलं असतं, त्यात तुमचा विषय शोधा. अकरावीचं नको, बारावीचं, कारण विषय दोन वर्षं चालायला हवा. मग ऑफिसात विचारा: हा विषय शिकवणारे कायम आहेत की तासिकेवर? गेल्या वर्षी किती मुलांनी घेतला होता? मुलं कमी आली तर आम्हाला कुठे बसवणार? तिसऱ्या प्रश्नाला क्लार्क वर बघतात. उत्तर गुळमुळीत आलं तर विषय नाही असंच धरा. आणि तास सुरू झाल्यावर पंधरवड्यात शिक्षक दिसले नाहीत तर गप्प बसू नका. विषय बदल किंवा कॉलेज बदल अकरावीच्या सुरुवातीला तुलनेने सोपा असतो. बारावीत गेल्यावर तो विभागीय मंडळाच्या परवानगीपर्यंत जातो.

सीनियर दादा-ताईंना जरूर विचारा, पण त्यांची माहिती दोन वर्षं जुनी असते. आमच्या शेजारच्या ताईने मला ‘गणिताचे सर एकदम भारी’ असंच सांगितलं होतं. खरंच होतं ते. क्लासवाल्यांना विषय विचारू नका, ते जे शिकवतात तेच घ्यायला सांगतील. इंटिग्रेटेडबद्दल (कॉलेज आणि प्रवेश परीक्षेचा क्लास एकत्र) माझं मत चांगलं नाही: तिथे पीसीएम किंवा पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत मॅथ्स किंवा बायो) असतं, बाकी विभाग नावाला. ‘स्कोअरिंग’ हा शब्द ऐकला तरी मला चीड येते. भूगोल आवडत असेल तर घ्या, टक्के वाढवायला म्हणून घेतलात तर नकाशे भरताना रडाल.

आता हे सगळं वाचून घाबरला असाल तर जरा थांबा. विषय सुटला म्हणजे रस्ता बंद होत नाही. मंडळाच्या परीक्षेला बारावी पास झाल्यावर एखादाच विषय घेऊन बसता येतं, फॉर्मवर त्याला ‘तुरळक विषय’ म्हणतात. मी गणित तसंच दिलं. २० अंतर्गत गुणांचं काम नेमून दिलेल्या कॉलेजात जाऊन पूर्ण करावं लागलं, वर्ष गेलं आणि हातात दोन गुणपत्रिका आल्या, ज्या पुढच्या प्रत्येक खिडकीवर समजावून सांगाव्या लागल्या. पण प्रवेश मिळाला. डॉक्टर व्हायचंय आणि बायो घेतलं नव्हतं, अशांसाठीही नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने दार उघडलं: बारावीनंतर बायो अतिरिक्त विषय म्हणून पास झालं तरी ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देता येते. मात्र तुरळक विषयाचा फॉर्म कनिष्ठ महाविद्यालयामार्फतच भरायचा असतो आणि मुदत संपली की विलंब शुल्क चढत जातं, तेव्हा निकाल लागला की आठवड्याभरात आपल्याच जुन्या कॉलेजच्या ऑफिसात जाऊन तारीख विचारून या.