गळीच्या संत्र्याचं व्हिनेगर घरी कसं करायचं

विदर्भातल्या संत्रापट्ट्यात, वरूड-मोर्शी, काटोल-नरखेडकडे ज्यांची बाग आहे त्यांना सांगायला नको, बारका माल अन् गळीचे संत्रे व्यापारी ज्या भावात मागते तो ऐकून धुऱ्यावर फेकून द्यावंसं वाटते. फेकू नका, व्हिनेगर टाका. फक्त घाई असंल तं याच्या नादी लागू नका, कारण चव मुरल्यावरच येते.

पडलेलं फळ चालते, सडलेलं नाही, बुरशीचं तं एकही नको. साल पूर्ण काढा, सालीतल्या तेलानं यीस्ट दबते. अन् मिक्सर लावूच नका बाप्पा! बी चिरडली, पांढरा पडदा रसात गेला की रस काही तासांनी कडू होते, ताजा चाखला तं गोडच लागते म्हणून माणूस फसते अन् मंग तो कडूपणा शेवटपर्यंत जात नाही. हातानं दाबून काढा, फडक्यातून गाळा.

पाच लिटर रसात 150 ते 200 ग्रॅम साखर विरघळवा, बेकरीवालं कोरडं यीस्ट एक लहान चमचा कोमट पाण्यात भिजवून घाला. भांडं काचेचं नाहीतर चिनीमातीची बरणी, पितळ-तांबं-ॲल्युमिनियम अजिबात नाही. झाकण सैल ठेवा, गॅस निघाला पाहिजे. आठवडाभरात बुडबुडे थांबतात, गाळ खाली बसते, वरचं नितळ तेवढं ओतून घ्या. आता याला दारूसारखा वास येईल, इथं थांबायचं नाही.

या नितळ रसात एक लिटर कच्चं व्हिनेगर मिसळा, ज्याच्या तळाशी गढूळ जाळी दिसते ते सफरचंदाचं बाजारात मिळते, पांढऱ्या सिंथेटिकनं काम होत नाही. आता उलटं, याला हवा पाहिजे. बरणी पाऊणच भरा, तोंडाला दाट सुती कापड घट्ट बांधा नाहीतर चिलटं शिरतात. वर पातळ साय धरंल, ती मोडू नका, बरणी हलवू नका, त्या सायीतलेच जंतू दारूचं आम्ल करतात. 25 ते 30 अंशात महिना-दीड महिना लागते. थंडीच्या तोंडी निघणाऱ्या आंबिया बहाराच्या फळाचं डिसेंबरच्या थंडीत रेंगाळते, उन्हाळ्याच्या तोंडी निघणाऱ्या मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चमधलं पटकन होते, पण मे महिन्यात टिनाखाली ठेवलं तं जंतूच मरतात.

दारूचा वास गेला, जिभेला झणका बसला की गाळा, 65 अंशापर्यंत गरम करा, थंड करून बाटल्या गळ्यापर्यंत भरा. जागा ठेवली तं उरलेले जंतू हवा घेऊन आम्लच खात बसतात. अंधारात दोन-तीन महिने मुरू द्या, नाकात चढणारा उग्रपणा तेव्हाच उतरते अन् संत्र्याचा वास वर येते.

कांद्यावर, काकडीवर मस्त लागते. टिकाऊ लोणच्यात मात्र आम्ल मोजल्याशिवाय घालू नका, विकायचं असंल तं नियमानं किमान 3.75 टक्के लागते. बाटलीचं झाकण पत्र्याचं नको, गंजते.