मृगाआधीची बांधावरची छाटणी: लाईट गेली म्हणून कोयता उचलू नका

मृग तोंडावर आलाय आणि बांधावरची सुबाभूळ, निंब, नीलगिरी तारेला भिडलीय. वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात फांदी तारेवर घासणार, लाईन ट्रिप होणार, म्हणून छाटणी आत्ताच हवी. प्रश्न आहे तो लाईन खरंच बंद आहे का, हा.

होतं काय, शेतीची लाईट गेली की गडी कोयता कमरेला लावून झाडावर चढतो. पण बऱ्याच शेती फीडरवर (शेतीला वीज देणाऱ्या लाईनवर) थ्री फेज गेली तरी सिंगल फेज चालू राहते. मोटार उठत नाही, तार मात्र मारते. काही ठिकाणी एकाच खांबावर वर 11 केव्हीची (11,000 व्होल्टची) तार आणि खाली मोटारीची लाईन असते. डीपी (शेताजवळचा ट्रान्सफॉर्मर) बंद केली तर पुढची लाईन बंद होते. डीपीपर्यंत येणाऱ्या तारेत 11,000 व्होल्ट तसेच असतात. शेजाऱ्याचा जनरेटर चुकीचा जोडलेला असेल, तर बंद लाईनही उलटी चार्ज होते. त्यात लाईटचं वेळापत्रक कधी बदलेल, सांगता येत नाही.

म्हणून तारेजवळची फांदी आपण तोडायचीच नाही. महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या, खांबाचा नंबर लिहा. पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीसाठी लाईन बंद ठेवतात, त्याच दिवशी काम उरकून घेता येतं. ‘बंद केलीय, तोडा’ असा नुसता फोन पुरेसा नाही. लाईनमन जागेवर हवा, आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग (तारा जमिनीला जोडणारी वायर) लावलेलं डोळ्यांनी दिसायला हवं.

झाडाकडे खालून नीट बघा. तारेजवळच्या पानांची टोकं करपलेली दिसली, तर फांदी आधीच तारेला लागतेय. अशा झाडाच्या बुंध्याला हातसुद्धा लावू नका, ओली फांदी वीज वाहून आणते. हिरव्या बांबूची आकडी, पाईपला बांधलेली कोयती, अॅल्युमिनियमची शिडी, सगळं त्याच माळेतलं. माणूस, हत्यार किंवा फांदी, काहीच तारेच्या दहा फुटांच्या आत नको. आणि तोडलेली फांदी सरळ खाली पडत नाही. सालीवर लोंबकळून झोका घेते, तो हिशेब आधी धरा. वारा सुटला, आभाळ आलं, तर त्या दिवशी काम राहू द्या.

तार तुटून पडलीच तर माणसं-जनावरं लांब ठेवा, 1912 वर फोन करा. तार जवळच पडली असेल तर ढांगा टाकत पळू नका. पाय जोडून, जमिनीला घासत लांब सरका. दोन पायांमधल्या जमिनीतही विजेचा दाब वेगवेगळा असतो. कुणाला चिकटलेली उच्चदाबाची तार वाळक्या काठीने बाजूला करायचा प्रयत्नही नको.

सुबाभूळ बुंध्याशी तोडली तरी पुन्हा फुटते, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात हेच. मुळासकट काढलीत तर तारेखाली करवंद किंवा सीताफळ लावा, आणि सीताफळ छाटून बुटकंच ठेवा.