टर्बो बाइकचा घरगुती स्कॅव्हेंज पंप: धातू कापायच्या आधीची तयारी

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र, इंजिनच्या पुढे, एक्झॉस्ट पोर्टच्या खाली लटकवला की त्यातलं ऑइल परत संपमध्ये (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) कसं न्यायचं हा प्रश्न येतोच. ते ओढून परत नेणारा पंप म्हणजे स्कॅव्हेंज पंप, आणि बहुतेक जण तिथूनच थेट पंपाचा बॉडी टर्न करायला लेथवाल्याकडे पळतात. माझं म्हणणं उलट आहे, पंप सगळ्यात शेवटी, आधी मापं. मापं नीट घेतली तर अर्धा पंप कागदावरच तयार होतो.

सगळ्यात आधी पंप खरंच लागतोय का ते बघा. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, एक टोक संपच्या ऑइल लेव्हलपाशी, दुसरं टर्बोच्या ड्रेनपाशी (ऑइल बाहेर पडायच्या तोंडापाशी), गाडी सरळ उभी करून बघा आणि साइड स्टँडवर पण बघा कारण तिरक्या गाडीत लेव्हल बदलते. ड्रेनचं तोंड लेव्हलच्या बरंच वर असेल, पाइप जाड असेल आणि पूर्ण उतारावर जात असेल, मध्ये कुठे पोट नसेल, तर ऑइल आपोआप जाईल, पंप विसरा. टर्बोची मधली हाउसिंग फिरवून ड्रेन उभ्या रेषेपासून ३५ अंशांच्या आत आणता येतो का तेही बघून घ्या. हे सगळं करूनही ड्रेन लेव्हलच्या खालीच राहिला तरच पुढचं वाचा.

कारण समजून घेणं गरजेचं आहे. टर्बोच्या शाफ्टवर ऑइल सीलसारखं रबरी काही नसतं, पिस्टन रिंगसारख्या बारीक लोखंडी रिंगा असतात, आणि ड्रेन मोकळा असेपर्यंतच त्या काम करतात. हाउसिंगमध्ये ऑइल साठलं की ते टर्बाइनकडून एक्झॉस्टमध्ये आणि कंप्रेसरकडून इनटेकमध्ये जातं, मग निळा धूर, आणि लोक चांगला टर्बो खराब समजून बदलतात. ही अडचण नवीन नाही. कावासाकीने १९८४ च्या जीपीझेड७५० टर्बोमध्ये टर्बो पुढे खाली बसवला आणि त्याच्यासाठी वेगळा स्कॅव्हेंज पंप दिला. आपल्याकडच्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्येही फीडचा (ऑइल आत पाठवणारा) पंप वेगळा आणि रिटर्नचा (परत आणणारा) वेगळा, आणि रिटर्नचा मुद्दाम मोठा. तो मोठा का, हेच या सगळ्या कामाचं मर्म आहे. टर्बोतून बाहेर येणारं ऑइल नुसतं ऑइल नसतं, घुसळलेल्या ताकासारखा फेस असतो, त्यात हवा भरपूर, म्हणजे जेवढं ऑइल आत गेलं त्यापेक्षा बराच जास्त व्हॉल्यूम बाहेर ओढावा लागतो. फीडच्या किमान दुप्पट क्षमता धरा, त्याहून कमीवर मी तरी जाणार नाही.

आता फीड किती ते मोजायचं. अंदाज नको, लोक काय सांगतात तेही नको. टर्बो फिट करा, ड्रेनला तात्पुरती नळी लावून ती मापाच्या भांड्यात सोडा, इंजिन पूर्ण गरम करा, मग आयडलला पंधरा सेकंद आणि ४००० आरपीएमला पंधरा सेकंद ऑइल गोळा करून चारने गुणा. फेस बसू द्या आणि मगच रीडिंग घ्या. हे करताना संपमधून ऑइल कमी होतंय हे डोक्यात ठेवा, बाजूला ऑइलचा कॅन उघडा असू द्या आणि लेव्हल बघत रहा, नाहीतर टर्बोच्या नादात क्रँकचं बेअरिंग जायचं. आकडा फारच मोठा आला तर फीडमध्ये रिस्ट्रिक्टर (ऑइल कमी करणारं बारीक भोक) लागेल की नाही ते त्या टर्बोच्या डेटाशीटवरून ठरवा, कारण बॉल बेअरिंग टर्बोला साधारण १ मिमीचा रिस्ट्रिक्टर चालतो पण साध्या जर्नल बेअरिंगवाल्याला (गोळ्यांऐवजी बुशवर फिरणाऱ्या) उगाच उपाशी मारू नका.

मग कागद पेन्सिल. साध्या दोन गिअरच्या पंपाचं एका फेरीचं माप ढोबळ असं काढा: दोन गुणिले पाय (३.१४) गुणिले मोड्यूलचा (दाताच्या आकाराचं माप, मिमीत) वर्ग गुणिले दात गुणिले गिअरची रुंदी. मोड्यूल २, दात १२, रुंदी १२ मिमी घेतली तर साधारण ३.६ सीसी प्रति फेरी येतात, २००० आरपीएमला कागदावर ७.२ लिटर प्रति मिनिट. गळती धरून यातलं बरंच कमी होईल, तरी तुमच्या टर्बोतून दीड-दोन लिटर येत असतील तर भरपूर झालं. गिअर कापून घ्यायचे नसतील तर दुसरा रस्ता म्हणजे एखाद्या बाइकच्या ऑइल पंपाचा रोटर सेट घेऊन फक्त बॉडी आपली बनवायची. पुण्यात नाना पेठेत सेट मिळतील, मशीनिंगला कोल्हापूरच्या उद्यमनगरसारखी जागा नाही, पण ड्रॉइंग घेऊन जा, तोंडी सांगून हे काम होत नाही. रोटर वापरलेला असेल तर फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा, बऱ्याच होंडा मॅन्युअलमध्ये टिप क्लिअरन्सची (आतल्या-बाहेरच्या रोटरच्या टोकांमधल्या फटीची) लिमिट ०.२० मिमी असते, त्यापुढे गेलेला सेट हवा ओढायला कामाचा नाही. मेन पंपात थोडा झिजलेला रोटर चालून जातो कारण तो ऑइलमध्ये बुडालेला असतो, इथे त्याला फेस खेचायचाय.

बॉडीसाठी ॲल्युमिनियमचा ब्लॉक, बुश गनमेटलचे, शाफ्ट हार्ड केलेला. साइड क्लिअरन्स (गिअरची बाजू आणि कव्हर यांतली फट) थंड असताना ०.०३ ते ०.०४ मिमी मागा. याहून टाइट का नको असं वाटेल, ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं ना, मग गरम झाल्यावर गॅप वाढणारच: २० मिमी खोलीच्या पॉकेटला १०० अंश तापमान चढलं की गॅप साधारण ०.०२ मिमी वाढते. पण थंड स्टार्टला गिअर घासले तर तो पंप पहिल्याच दिवशी स्वतःचंच धातू खाईल, म्हणून इतकी जागा ठेवायचीच. कव्हरखाली कागदी गॅस्केट घालू नका, त्याच्या जाडीने सगळा हिशोब बिघडतो, खाच पाडून ओ-रिंग घाला आणि तोंडं काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट करा. शाफ्टचं सील व्हायटनचंच (गरमी सोसणारं रबर) घ्या, काळं नायट्राइल इथल्या गरमीत कडक होऊन चिरतं.

फिरवायचं कशाने? वायपर मोटर डोक्यातून काढून टाका, तिचा गिअर लागलेला शाफ्ट मिनिटाला पन्नास-साठ फेऱ्यांचा. छोट्या कारच्या रेडिएटर फॅनची मोटर जास्त योग्य, फेऱ्या भरपूर, कपलिंग मधे रबरी स्पायडरचं लावा म्हणजे दोन शाफ्ट किंचित तिरके असले तरी सील वाचतं. करंट मात्र मोजा, ६ अँपिअर म्हणजे ७०-८० वॅट, बाइकचा हेडलाइट खातो त्याहून जास्त, तुमचा स्टेटर (इंजिनातला करंट बनवणारा भाग) आधीच काठावर असेल तर बॅटरी हळूहळू बसेल. कॅम किंवा क्रँकवरून टूथ बेल्टने फिरवलात तर हा प्रश्न नाही आणि फीड वाढला की पंपही वाढतो, पण जागा आणि मशीनिंग दोन्ही अवघड. मला स्वतःला इलेक्ट्रिक आवडतो कारण इंजिन बंद केल्यावर टायमर रिलेने अर्धा मिनिट चालवता येतो आणि हाउसिंग रिकामी होते. रिले, वेगळा फ्यूज, जाड वायर, हे सांगायलाच नको.

पाइपिंगला खूप वेळ द्या. टर्बोखाली शंभर-दीडशे मिलीचा ऑइल गोळा व्हायला छोटा पॉट, त्याला वरून ब्रीदर (हवा जायची नळी) क्रँककेसच्या वरच्या भागाला, आणि खालून पंपाची सक्शन. सक्शनची नळी आखूड, आतून १२ मिमी, ब्रेडेड टेफ्लॉनची, साधी रबरी नळी गरमीत आणि व्हॅक्यूममध्ये पिचकते आणि बाहेरून दिसतही नाही. तोंडाशी जाडी जाळी आणि एक मॅग्नेट, बारीक फिल्टर नको, तो सक्शनच बंद करतो. रिटर्न क्लच कव्हरमध्ये ऑइल लेव्हलच्या वर सोडा, म्हणजे हवा सुटायला वाव मिळतो, आणि आउटलेटला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावाच. गाडी रात्रभर उभी असताना वरचं ऑइल गिअरच्या गॅपमधून मागे टर्बोत उतरू शकतं आणि सकाळी स्टार्ट केलं की गल्लीभर धूर.

पॉटमध्ये फ्लोट स्विच आणि मीटरपाशी लाल दिवा, त्याला दोन सेकंदांचा डिले कारण खड्ड्यात फ्लोट उडतो. पंप बंद पडला तर ते कळलं पाहिजे. गळलेलं ऑइल गरम एक्झॉस्टवर पडलं तर आग आणि मागच्या टायरवर पडलं तर काय होईल ते सांगायची गरज नाही. सगळे बॅन्जो बोल्ट (मधून ऑइल जाणारे पोकळ बोल्ट), कॉपर वॉशर नवे घ्या.

गाडीला लावायच्या आधी टेबलवर टेस्ट. बादलीत तुमचंच ऑइल ८०-९० अंशांपर्यंत गरम करा, पंप रिकामा, कोरडा करून किती सेकंदात ओढायला लागतो ते बघा, मग सक्शनचं तोंड अर्धं पाण्याबाहेर धरावं तसं अर्धं ऑइलबाहेर धरून हवा-ऑइल मिक्स ओढतोय का ते बघा, आणि एक तास सलग चालवून उघडा, गिअरच्या तोंडावर ओरखडे आहेत का. इथे पास झाला तरच पुढे.

ऑइल बाइकचंच, जासो एमए२ (ओल्या क्लचच्या बाइकसाठीचं मानक), कारचं टर्बो ऑइल घातलं तर ओला क्लच स्लिप होऊ शकतो. आरटीओचा भाग आधीच बघून ठेवा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ स्पेसिफिकेशन बदललेली गाडी रोडवर बेकायदा ठरते, म्हणून ही ट्रॅकची किंवा खाजगी जागेतली गाडी समजूनच बनवा.

पहिल्या स्टार्टच्या दिवशी हाताशी असू द्या: अग्निशामक, एक लिटर जादा ऑइल, सुटं व्हायटन सील, टॉर्च, खाली पुठ्ठा. आधी स्पार्क बंद ठेवून स्टार्टर मारा, फीड टर्बोपर्यंत आला की पंप सुरू आहे ना ते हात लावून बघा, मग स्टार्ट. दहा मिनिटं आयडल, बंद, पंपाचा टायमर संपू द्या, संपची लेव्हल परत बघा कारण पॉट आणि नळ्यांत थोडं ऑइल अडकलेलं असतं, तेवढं टॉपअप. बूस्टला (टर्बोच्या हवेच्या दाबाला) त्या दिवशी हात लावू नका, पहिलं ऑइल काढून मॅग्नेटवर काय चिकटलंय ते बघितल्यावरच वेस्टगेटकडे (बूस्ट ठरवणाऱ्या व्हॉल्व्हकडे) वळा.