पिवळं पडलेलं लॉन असं सुधारलं

फोंड्याला आमच्या अंगणात रुंद पानांचं कार्पेट ग्रास आहे. पावसात ते असं माजतं की कापणाऱ्याला वाटतं, एकदाच तासून टाकावं, पंधरवडा निश्चिंती. आमच्याकडे येणारा माणूस तेच करायचा. मग सगळं लॉन पिवळं, मधेमधे लाल माती उघडी.

वाकून एक पातं बघितलं. टोक कापलेलं नव्हतं, फाटलेलं होतं. पांढुरकं, दोरे सुटल्यासारखं. म्हणजे मशीनचं ब्लेड बोथट. ते काढून धार लावून घेतली (पेट्रोलचं मशीन असेल तर आधी स्पार्क प्लगची वायर काढा, बोटं परत मिळत नाहीत) आणि कापायची उंची दोन इंचांवर नेली.

खरा फरक पडला तो एक तृतीयांशाच्या नियमाने. एका वेळी गवताच्या उंचीचा त्याहून जास्त भाग कापायचा नाही. अन्न पानांत तयार होतं. पानंच उडवली तर मुळं जगणार कशावर? गवत तीन इंच झालं की दोनवर आणायचं. त्यामुळे पावसाळ्यात मशीन वरचेवर फिरतं, उन्हाळ्यात क्वचित. संततधारेत मात्र उघडीप मिळेपर्यंत थांबतो. ओलं गवत गोळे होऊन ब्लेडला चिकटतं, चाकं रुततात. तोवर जास्त वाढलं तर दोन टप्प्यांत कापतो.

बारीक कातरण तिथेच कुजू देतो, नत्र मातीत परत जातं. सासूबाईंच्या मते तो कचरा. जाड थर पडला तर माडाच्या आळ्यात. उघड्या जागी कडेचे धुमारे खोचले होते, ते चतुर्थीपर्यंत भरून आले.