पूल टेबलचं कापड: आधी कोरडी धूळ काढा, पाण्याचं नंतर बघू

पूल टेबलचं कापड खेळून खराब होतं त्याच्यापेक्षा जास्त पुसून खराब होतं. बाणेर, वाकड, खराडीकडच्या सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये हे सर्रास दिसतं. सकाळी हाऊसकीपिंगच्या मावशी येतात, कॅरमबोर्ड पुसतात, टीटीचं टेबल पुसतात आणि त्याच ओल्या फडक्याने पूल टेबलावरूनही हात फिरवतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कमिटीने कधी काही सांगितलेलंच नसतं. पण त्या एका ओल्या हाताने वर पडलेली चॉकची पूड विणीच्या आत जाते आणि तिथेच बसते.

क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला लावतो तो चॉक म्हणजे शाळेतला खडू नव्हे. त्यात मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड असतं. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड पॉलिश पेपरमध्येही वापरतात, त्यावरून काय ते समजा. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा आणि १५६ ते १७० ग्रॅम वजनाचा असतो, आणि कापडाला टेकतो तो जेमतेम एका ठिपक्यावर. ते सगळं वजन पुडीच्या कणांवरून फिरलं की खालचे धागे कापले जातात. शिवाय पूड बॉललाही चिकटते. दोन बॉल आदळतात त्याच जागी कण आला, तर बॉल किंचित उडतो किंवा भलत्याच कोनात जातो. खेळणारे टेबलाच्या लेव्हलला शिव्या देतात आणि टेबल मात्र सरळ असतं.

आधी कापड ओळखा

कापड दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींची निगा वेगळी. टेबलाच्या लांबीच्या दिशेने तळहात हलका फिरवा, मग उलट फिरवा. एका बाजूला मऊ आणि उलट बाजूला किंचित अडतंय असं वाटलं तर ते लव असलेलं कापड. स्नूकर आणि बिलियर्ड्सच्या टेबलांवर हे असतं. दोन्ही बाजूंना सारखंच गुळगुळीत लागलं आणि जवळून पाहिल्यावर वीण स्पष्ट दिसली, तर ते वॉर्स्टेड. चांगल्या पूल टेबलांवर बहुधा हेच असतं, लोकर आणि नायलॉनच्या मिश्रणाचं. बेल्जियमच्या सिमोनिसच्या ८६० या कापडात ९० टक्के लोकर आणि १० टक्के नायलॉन असतं, ७६० मध्ये हेच प्रमाण ७० आणि ३०. ७६० पातळ आणि जास्त वेगवान.

कापडाखाली काय आहे तेही एकदा वाकून बघून ठेवा. स्लेट असेल तर थोडं पाणी सांडल्याने तिला फारसं काही होत नाही. फक्त दोन स्लेटांमधल्या सांध्यात मेण किंवा पुट्टी भरलेली असते, तिथे पाणी जाऊ नये. स्वस्त टेबलांना खाली एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, असतं. ते पाण्याने फुगलं की फुगलंच.

सामान

घोड्याच्या केसांचा लांब बिलियर्ड्स ब्रश, एक व्हॅक्यूम क्लीनर, चार पांढरे मायक्रोफायबरचे कपडे आणि डिस्टिल्ड वॉटरची एक सीलबंद बाटली. ब्रश खेळाच्या सामानाच्या दुकानात नाहीतर टेबल बसवणाऱ्या फिटरकडे मिळतो. तुळशीबागेतला कपडे घासायचा प्लॅस्टिकचा ब्रश इथे कामाचा नाही, त्याचे कडक दात धागे उचकटतात. कपडे पांढरेच घ्या, म्हणजे किती निळं निघालं ते दिसतं आणि कपड्याचा रंग टेबलावर उतरत नाही. पाणी डिस्टिल्ड हवं, कारण बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर कापडावर पांढरट कडा सोडतात. बॅटरीत घालायचं पाणी म्हणून जे विकतात तेही चालतं.

रोजचं काम, पाच मिनिटांचं

सगळे बॉल काढून ठेवा. पहिला हात कुशनखाली, म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीखाली. कुशनची रबरी कड बेडवर, म्हणजे खेळायच्या सपाट भागावर, थोडी पुढे आलेली असते, आणि तिच्या खालच्या खाचेत सगळ्यात जास्त पूड साठते. तर्जनीला पांढरा रुमाल गुंडाळून ती खाच एकदा टोकापासून टोकापर्यंत पुसून बघा. रोज झाडल्या जाणाऱ्या टेबलावरही रुमालावर निळी रेघ उमटते. ब्रशच्या टोकाने तिथली पूड बेडवर बाहेर ओढा. मग कुशनच्या वरच्या अंगावरून ब्रश फिरवा आणि शेवटी बेड.

बेड झाडताना लांबीच्या दिशेने, सरळ, एकाच बाजूने ब्रश ओढायचा. पुढेमागे घासायचं नाही, गोल तर मुळीच नाही. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर दोन-तीन बोटं चढलेला असावा. ब्रशवर जोर देऊ नका, त्याचं स्वतःचं वजन पुरतं. वॉर्स्टेडला दिशेचं बंधन नसतं, पण एकच दिशा ठेवली की धूळ एका टोकाला गोळा होते आणि उचलायला सोपी जाते. ती पॉकेटमध्ये लोटू नका. पॉकेटमधली पूड बॉलबरोबर परत टेबलावर येते, आणि बॉल रिटर्नचं, म्हणजे पडलेले बॉल आतून एका जागी आणणारं, टेबल असेल तर आतल्या गटारीत साचते. ब्रश झटकायचा तो खोलीच्या बाहेर जाऊन.

आठवड्याला व्हॅक्यूम

इथे एकच खबरदारी, पण मोठी. फिरता ब्रश असलेलं तोंड लावायचं नाही. साधं सपाट तोंड, सक्शन सगळ्यात कमीवर, आणि तोंड कापडाला जेमतेम टेकवून. ओढ जास्त असली तर कापड स्लेटवरून वर उचललं जातं. एक-दोनदा झालं तर काही नाही, पण दर आठवड्याला असं होत राहिलं की ताण सैलावतो आणि पॉकेटच्या तोंडाशी सुरकुत्या दिसायला लागतात. व्हॅक्यूमवर सक्शन कमी करायची सोय नसेल, तर पाइपच्या हँडलवरची हवेची खिडकी पूर्ण उघडी ठेवा. कुशनखालची खाच आणि पॉकेटचा तळ यांना बारीक तोंड लावा.

झाडून झालं की दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च कापडाला जवळजवळ आडवा धरा. वरून स्वच्छ वाटणाऱ्या कापडावर निळ्या-करड्या पुडीचे ढग उठून दिसतात, आणि बॉल ज्या वाटेने नेहमी जातात त्या वाटाही.

महिन्यातून एकदा ओलं फडकं, तेही फक्त वॉर्स्टेडवर

आधी झाडणं आणि व्हॅक्यूम पूर्ण झालेलं हवं. हा क्रम उलटला की सगळी मेहनत वाया. आठ फुटी टेबलाला अर्धा कप डिस्टिल्ड पाणी भरपूर होतं. मायक्रोफायबर त्यात बुडवा आणि इतकं पिळा की मुठीत दाबल्यावर एक थेंबही पडू नये. साबण नाही, व्हिनेगर नाही, काच पुसायचं स्प्रे तर नाहीच. लांबीच्या दिशेने एक पट्टा पुसायचा, कपड्याची घडी उलटून स्वच्छ बाजू घ्यायची, मग पुढचा पट्टा. चारही बाजू निळ्या झाल्या की कपडा बदला. पाठोपाठ कोरड्या कपड्याने त्याच दिशेने टिपून घ्या. पंखा लावा आणि निदान तीन तास कोणाला खेळू देऊ नका. ओलसर लोकर ताणली जाते, आणि तेवढ्यात कोणी जोरात ब्रेक, म्हणजे खेळ सुरू करायचा पहिला फटका, मारला तर त्याचा डाग कायमचा राहतो.

पावसाळ्यात हे काम करूच नका. जून ते सप्टेंबर पुण्यात कापड आपणहूनच ओलावा धरतं. बॉल जड चालतो, कुशनवरून मेल्यासारखा परततो. अशा वेळी पाणी घालण्यात शहाणपण नाही. खिडक्या बंद, पंखा चालू, झालंच तर डीह्युमिडिफायर, आणि ब्रश रोज. टेबलावर रेक्झिनचं कव्हर घालून चार दिवस तसंच ठेवलं तर आत दमट होतं. खाली सुती चादर, वर कव्हर, आणि रोज सकाळी तासभर दोन्ही काढून ठेवायची. ओलं जर्किन टेबलावर टाकणारा माणूस प्रत्येक क्लबहाऊसमध्ये एक तरी असतोच. त्याच्यासाठी दाराजवळ चार खुंट्या ठोका, बोर्ड लावून उपयोग होत नाही.

कापड लोकरीचं, म्हणून कसर लागते. तिच्या अळ्यांना अंधार आणि शांतता हवी असते, म्हणून न वापरलेल्या टेबलात कुशनखालून सुरुवात होते. डांबरगोळ्या ठेवायच्या तर कापडी पुरचुंडीत बांधून टेबलाच्या खालच्या चौकटीला लटकवा, कापडावर थेट ठेवू नका. टेबल वापरात ठेवणं आणि खाच झाडत राहणं हा त्याहून चांगला उपाय.

उन्हाळ्यात त्रास वेगळा. आजूबाजूला बांधकाम चालू असेल तर सिमेंटची आणि क्रश सँडची बारीक धूळ खिडकीतून थेट कापडावर येते, आणि तीही खरखरीत. मार्च ते मे खेळ संपला की कव्हर घालाच. टेबलावर थेट ऊन येत असेल तर पडदा लावा. उन्हाने रंग उडतो आणि लोकर ठिसूळ होते.

स्नूकरचं टेबल असेल तर

लवीची दिशा बॉककडून, म्हणजे जिथून खेळ सुरू करतात त्या टोकाकडून, काळ्या बॉलच्या टोकाकडे असते. ब्रश त्याच दिशेने, नेहमी. उलट झाडलं की लव उभी राहते आणि हळू सोडलेला बॉल भरकटतो. लव असलेल्या कापडाला पाणी लावायचंच नाही. त्याला असते इस्त्री, आणि ती बिलियर्ड्सची खास जड इस्त्री, वाफ नसलेली. आधी नीट झाडून घ्या, नाहीतर गरम इस्त्रीखाली पूड कापडात शिजते. इस्त्री आधी साध्या कागदावर ठेवून बघा. कागद तपकिरी झाला तर थांबा, थंड होऊ द्या. मग बॉककडून वर एका दमात ओढायची, मध्ये कुठेही टेकवून ठेवायची नाही, कुशनला लावायची नाही. घरची वाफेची इस्त्री यासाठी आणू नका, आणि वॉर्स्टेडला तर कुठलीच इस्त्री लागत नाही.

चहा सांडला

डायनिंग टेबलाच्या सवयीने हात लगेच घासायला जातो. घासायचं नाही. कोरडा सुती टॉवेल वर ठेवून तळव्याने दाबा, टॉवेलची जागा बदला, पुन्हा दाबा, ओल येणं थांबेपर्यंत. मग थंड डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळलेल्या कपड्याने डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत जा. मध्यातून बाहेर गेलात तर डाग पसरतो. गरम पाणी नको, दुधाच्या चहाचा डाग त्याने पक्का होतो. एवढ्याने निघाला नाही तर पाव लिटर थंड पाण्यात ईझीसारखं लोकरीसाठीचं लिक्विड पाव चमचा घालून फेस करा आणि फक्त फेस लावा, पाणी नाही. आधी पॉकेटच्या आतल्या बाजूच्या कापडावर लावून रंग जात नाही ना ते बघा. नंतर साध्या पाण्याने दोनदा टिपून साबण काढा, नाहीतर तिथे पूड जास्त चिकटत राहते. कोल्ड्रिंकच्या बाबतीत तर हे दोनदा टिपणं चुकवूच नका, साखर राहिली की बॉल त्या जागी चिकटून जातो. वाळवायला पंखा; हेअर ड्रायरची गरम हवा नाही.

वडापावचं तेल पडलं तर पाणी न लावता वर कॉर्नफ्लोअर पसरा, अर्ध्या तासाने व्हॅक्यूम करा, लागलं तर परत. ब्लीच कोणत्याही डागाला चालत नाही, ते लोकरच खातं.

हाताला टाल्कम पावडर लावून खेळायची सवय आपल्याकडे जुनी आहे. ती पावडर कापडात शिरते, बॉलला लागते आणि हातांच्या घामाबरोबर पांढरे पंजे उमटतात. तीन बोटांचा हातमोजा स्वस्त मिळतो. क्लबहाऊसमध्ये दोन टांगून ठेवा आणि पावडरचा डबा सरळ काढून टाका.

जे डाग निघत नाहीत

ब्रेकच्या जागेजवळ दिसणारे पांढरे ठिपके म्हणजे घाण नव्हे. जोरात मारलेला बॉल क्षणभर कापडावर घसरतो आणि घर्षणाच्या उष्णतेने धागे भाजतात. कितीही पुसा, ते जात नाहीत. टाळता मात्र येतात: ब्रेक रोज एकाच जागेवरून मारू नका, सरावाला पांढऱ्या बॉलखाली कापडाचा छोटा तुकडा ठेवा. फूट स्पॉटवर, म्हणजे रॅकचा पहिला बॉल ठेवतात त्या ठिपक्यावर, पातळ स्टिकर लावा. रॅक केलेल्या, म्हणजे त्रिकोणात मांडलेल्या, बॉलवर दुसऱ्या बॉलने ठोकून ते बसवायची पद्धत बंद करा, त्याने खळगे पडतात आणि मग रॅक कधीच घट्ट बसत नाही.

क्यूच्या टोकाने बारीक चीर गेली तर सुटलेला धागा ओढू नका. छोट्या कात्रीने कापडालगत कापा. चीर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर फिटरला दाखवा.

बॉल स्वच्छ नसतील तर कापड झाडून फायदा नाही. आठवड्याला एकदा कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, मायक्रोफायबरने पुसायचे, साध्या पाण्याने धुवून पूर्ण कोरडे करायचे. पितांबरी देव्हाऱ्यातल्या तांब्या-पितळेसाठी ठीक, बॉलवर तिने ओरखडे पडतात. गाडीचं वॅक्सही नको, ते कापडावर उतरतं.

कधी बदलायचं

कुशनलगतच्या वाटा टॉर्चशिवाय दिसायला लागल्या, कापडाला तेलकट चकाकी आली, किंवा हळू सोडलेला बॉल ठरावीक जागी वाट बदलायला लागला, की स्वच्छता थांबवून फिटरला बोलवा. बेडचं आणि कुशनचं कापड एकदमच बदला. जुन्या कुशनवर नवा बेड असेल तर बॉलचा वेग जुळत नाही. जुनं कापड निघाल्यावर स्लेटचे सांधे तपासून घ्या आणि लेव्हलही तेव्हाच बघा, कापड चढल्यावर सांध्यापर्यंत हात पोचत नाही. जुन्या कापडाचा कमी झिजलेला भाग फिटरकडून मागून घ्या, त्याचे पाच सेंटिमीटरचे चौकोन कापून चॉकच्या डब्यात ठेवा. ब्रेकच्या वेळी पांढऱ्या बॉलखाली ठेवायला तेच लागतात.