समुद्रफेसातली अंगठी

आईच्या तुटक्या पैंजणांची अंगठी ओतायची होती. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर माकुळाचा समुद्रफेस, म्हणजे त्याच्या पाठीतलं पांढरं, हलकं कवच, मिळतो. त्याच्या मऊ बाजूत साचा कोरला. पहिली अंगठी सुईने टोचल्यासारखी भोकाभोकांची निघाली. दुसरीही तशीच. फार वाईट वाटलं.

पावसाळ्यात समुद्रफेस ओल धरतो आणि चांदीचा रस पडताच तिची वाफ होते. मग तो दोन दिवस चुलीच्या वैलावर वाळवला. दुसरी चूक माझ्या हाताची. चांदी ९६२ अंशांना वितळते, मी मात्र तापवतच राहायचे. वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू शोषते, थिजताना सोडते. आता मुशीत टाकणखार (बोरॅक्स) घालते, रस आरशासारखा चमकला की लगेच ओतते. दारं उघडी, डोळ्यांवर चष्मा.

तिसरी अंगठी भरीव निघाली, अंगावर समुद्रफेसाच्या लाटालाटांच्या रेषा. त्या घासल्या नाहीत.