व्हिडिओला संगीत लावण्याआधी: स्क्रीनशॉट, मग बाकी सगळं

इंदूरची गेर (रंगपंचमीची मिरवणूक) असो, सराफ्यातली खाऊगल्ली असो की मंडळाचा गणपती, शूटिंग तुम्हाला येतंच. इथे फक्त संगीताचं.

ट्रॅक शोधण्याआधी एक फोल्डर करा. ट्रॅक उतरवाल त्याच क्षणी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून त्यात टाका. ट्रॅकचं नाव, कलाकार, लायसन्सचा प्रकार, पानाचा पत्ता, तारीख, पाचही दिसली पाहिजेत. मागच्या एका व्हिडिओच्या वेळी एवढंच राहिलं. क्लेम, म्हणजे ‘हे संगीत आमचं’ असा यूट्यूबवरचा दावा, आला तेव्हा पानावरून ट्रॅकच गायब, आणि हातात नुसती एमपीथ्री. क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स (काही अटींवर सगळ्यांना वापरायची खुली परवानगी) दिल्यावर मागे घेता येत नाही हे खरं, पण ते दिलं होतं हे दाखवायचं कशावरून?

सुरुवात यूट्यूब स्टुडिओतल्या ऑडिओ लायब्ररीपासून करा, फुकट आहे. तिथे काही ट्रॅकना श्रेय द्यावं लागतं, काहींना नाही, फिल्टर लावा. श्रेयाचा मजकूर तयार मिळतो, तो जसाच्या तसा डिस्क्रिप्शनमध्ये चिकटवा. ‘क्रेडिट्स टू ओनर’ लिहिणं म्हणजे श्रेय नव्हे, परवानगी तर नाहीच. ‘दहा सेकंद चालतं’ हीसुद्धा थाप आहे.

बाहेरून घेत असाल तर क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सच्या नावातली अक्षरं वाचा. बीवाय म्हणजे नाव द्या. एनसी म्हणजे कमाईच्या व्हिडिओला नको. एसए असेल तर व्हिडिओही त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो. एनडी, म्हणजे बदल करू नका, सरळ सोडा, कारण चित्राला संगीत जोडणं हाच बदल धरला जातो. अक्षरं वाचलीत? स्क्रीनशॉट काढलात? नाही ना, आधी काढा.

जुन्या शास्त्रीय गाण्यात लोक हमखास फसतात. बंदिश शंभर वर्षांची असेल, रेकॉर्डिंग नसतं. बंदिशीचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, रेकॉर्डिंगचा प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60. आपले इंदूरचे गायक अमीर खाँ 1974 साली गेले, पण त्यावरून रेकॉर्डिंगचा हिशोब होत नाही. 1970 साली निघालेली रेकॉर्ड 2030 संपेपर्यंत बांधलेली. हा भारताचा कायदा, अमेरिकेत आकडे वेगळे, आणि व्हिडिओ दोन्हीकडे दिसतो. ओळखीच्या कुणाकडून वाजवून घ्या, दोन ओळींची लेखी परवानगी घ्या, ती त्याच फोल्डरात.

राजवाड्यावर डीजे वाजतो तो माइकमध्ये येणारच, आणि यूट्यूबची यंत्रणा तोही ओळखते. लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे. ते व्हिडिओत घालून अपलोड करायला नाही. म्हणून गर्दीचा नुसता आवाज दोन-तीन मिनिटं वेगळा, डीजेपासून लांब रेकॉर्ड करून ठेवा.

अपलोड आधी अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असा. यूट्यूबची तपासणी होऊ द्या.

क्लेम आला तर घाबरू नका, तो स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याचा चॅनेलवरचा ठपका, नाही. 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेल जातं. तुमचं चुकलं असेल तर गाणं कापा, म्यूट करा किंवा बदला. बरोबर असाल तर डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवर हरकत, टाका. दावेदाराला उत्तरासाठी 30 दिवस असतात. डिस्प्यूटमध्ये लिहायचं काय? स्क्रीनशॉटवरचंच: लायसन्स, पत्ता, तारीख.

फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर.